साखर मोजली, वैताग कोण मोजणार?

माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली एक काळं चेनचं पाऊच आहे. त्याच्यावर जुनी आयकार्डं, हेडफोनच्या गुंतलेल्या वायरी, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, सॅनिटायझरची संपलेली बाटली. आणि या सगळ्याच्या तळाशी ग्लुकोमीटर. मागच्या वर्षी सलग चार महिने मी त्याला हात लावला नव्हता. मशीन बिघडलं नव्हतं, स्ट्रिप्सही होत्या. सुईची भीती म्हणाल तर तीही नाही, बोटाला टोचायला दोन सेकंद पुरतात. भीती होती ती आकड्याची.

ज्यांना शुगर आहे त्यांना हे लगेच कळेल. ज्यांना नाही त्यांनी दहावीचा निकाल आठवावा. तो दर तीन महिन्यांनी लागतो असं समजा. अभ्यास केला तरी मार्क कमी पडू शकतात, नाही केला तर पडणारच, आणि निकाल बघायला अख्खं घर रांगेत उभं. आता सांगा, तुम्ही निकालाच्या दिवशी शाळेत गेला असतात?

माझी शुगर सापडली ती कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये. वय एकतीस. मला वाटलं होतं, व्हिटॅमिन डी आणि बी ट्वेल्व्ह कमी निघेल. आयटीतल्या प्रत्येकाचं ते कमी निघतंच, त्यात काही नवल नाही. निघाली एचबीएवनसी ८.४. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.५ किंवा त्याच्या वर गेली की डायबेटिस. पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच, "तुला? तू तर केवढी बारीक!" (पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आपल्यासारख्यांसाठी 'थिन-फॅट इंडियन' हा शब्द कधीच रूढ केलाय. दिसायला काटकुळे, आत चरबी. पण ही माहिती लग्नाच्या पंगतीत देता येत नाही.) आणि एकटी तर मी मुळीच नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीनुसार भारतात डायबेटिस असलेल्यांची संख्या १०.१ कोटी आहे. एवढ्या गर्दीत तर ओळखीचं कुणी भेटायलाच हवं.

तेव्हा ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रिपोर्ट पाहिले, गोळी लिहिली, आणि खाली तीन ओळी: रोज चालणे, भात बंद, टेन्शन घेऊ नका. तिसरी ओळही गोळीसारखीच लिहिली होती. जेवणाआधी की जेवणानंतर, तेवढं फक्त राहिलं.

मग सुरू झाला तो खेळ. चार वाजता फ्लोअरवर कुणाचा तरी वाढदिवस, केक येतो. आपल्यापुढे तीन ऑप्शन. एक, खायचा आणि रात्री स्वतःला शिव्या घालायच्या. दोन, नको म्हणायचं आणि मग "अरे हो, तुला शुगर ना, माझ्या मामांना पण होती, त्यांचा पाय..." ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची. तीन, बशी घ्यायची, गप्पा मारत पँट्रीपर्यंत जायचं आणि टिश्यूखाली झाकून केक डस्टबिनमध्ये. मी तीन नंबरवाली. दोन वर्षांत मी किती केक असे पुरले असतील, देव जाणे.

घरी वेगळी तऱ्हा. गणपतीत मोदक वाढताना सासूबाई म्हणणार, "घे गं, एका मोदकानं काही होत नाही." मी अर्धा तोडला की त्याच म्हणणार, "तुला चालतं का पण हे?" बाई, मी खाऊ की नको? शिवाय मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पावडर, कारल्याचा रस. सल्ला देणारे सगळे मायेनं देतात, हेच तर अवघड. चिडायची सोय नाही.

थोडक्यात, चार महिने मशीन ड्रॉवरमध्ये गेलं ते असं. आळस नव्हता तो. मला काय झालंय त्याला माझ्याकडे शब्दच नव्हता.

तो शब्द मिळाला एका कागदावर. डॉक्टर बदलले होते. (आधीच्यांवर राग नाही, त्यांच्या दारात साठ माणसं बसलेली असायची.) नव्या डॉक्टरीणबाईंनी फाइल बघायच्या आधी एक छापील पान हातात दिलं. सतरा प्रश्न, खरं तर सतरा वाक्यं. गेल्या महिन्याभरात प्रत्येक गोष्टीचा तुम्हाला किती त्रास झाला, ते एक ते सहामध्ये लिहायचं. एक म्हणजे काहीच नाही, सहा म्हणजे फारच. साखर कमी करण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. रोजची सगळी ताकद या डायबेटिसमध्येच जाते असं वाटतं का? आयुष्य आपल्या नाही, आजाराच्या हातात आहे असं वाटतं का? काहीही केलं तरी पुढे गुंतागुंत होणारच असं वाटतं का? डॉक्टर तुमचं म्हणणं गंभीरपणे घेत नाहीत याचा त्रास होतो का? घरच्यांना, मित्रांना हे किती कठीण आहे ते कळत नाही, याचा?

वेटिंग रूममध्ये मी बसले होते आणि चौथ्या प्रश्नाला माझे डोळे भरून आले. समोर एक आजोबा टीव्हीवर क्रिकेट बघत होते. मी रुमाल काढून सर्दी झाल्याचं नाटक केलं.

घरी आल्यावर अर्थातच शोधाशोध. या कागदाला चांगलाच इतिहास निघाला. अमेरिकेत बॉस्टनला जॉस्लिन डायबेटिस सेंटर आहे, फक्त डायबेटिसवर काम करणारी जुनी संस्था. तिथे विल्यम पोलन्स्की हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पेशंट गोळ्या चुकवतात, तपासायचं टाळतात, आणि सगळे त्यांना बेशिस्त म्हणतात. पण त्यांना आतून काय होतंय हे मोजायला काहीच नाही. १९९५ साली त्यांनी वीस प्रश्नांची पट्टी तयार केली. नाव 'प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस', लघुरूप 'पेड'. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. सगळी बेरीज करायची आणि १.२५ने गुणायचं, म्हणजे जास्तीत जास्त बरोबर शंभर होतात. (एक्सेलमध्ये दिवस घालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे भारी आवडेल.) चाळीस किंवा जास्त आले तर मामला गंभीर.

मग २००५ साली पोलन्स्की आणि लॉरेन्स फिशर यांच्या टीमनं दुसरी पट्टी आणली, 'डायबेटिस डिस्ट्रेस स्केल'. माझ्या हातात आली ती हीच, सतरा प्रश्नांची. हिची गंमत म्हणजे हिच्यात चार कप्पे आहेत. मनावरचं ओझं, डॉक्टरांबद्दलचा त्रास, पथ्यपाणी-तपासण्यांचा त्रास आणि आजूबाजूच्या माणसांचा त्रास. प्रत्येक कप्प्याची सरासरी वेगळी काढता येते. दोनच्या खाली असाल तर ठीक, दोन ते तीनच्या मध्ये म्हणजे मध्यम, तीन किंवा वर म्हणजे कुणीतरी तुमच्याशी बसून बोलायला हवं. ज्या डॉक्टरांना सतरा प्रश्नांना वेळ नाही, त्यांच्यासाठी याच पट्टीतले दोन प्रश्न वेगळे काढलेत. डायबेटिसच्या मागण्यांनी तुम्ही पार दबून गेलात असं वाटतं का, आणि दिनक्रम सांभाळण्यात आपण सारखे नापास होतोय असं वाटतं का? दोन प्रश्नांना किती वेळ लागतो? बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळेपर्यंत होतात विचारून.

आता 'डिस्ट्रेस'ला मराठीत काय म्हणायचं? 'तणाव' म्हटलं की डोळ्यासमोर अप्रेझल येतं. 'मानसिक त्रास' म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. 'भावनिक क्लेश' हे तर सरकारी जीआरमधून आल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर आपल्याकडे बरोबर शब्द आहे: वैताग. रोज तेच, सुट्टी नाही, केलं तरी यश नाही, आणि वर सगळ्यांचे सल्ले. याला दुसरं काय म्हणणार? फारच झालं तर जीव मेटाकुटीला येणं.

हा शब्दांचा कीस मी उगाच काढत नाहीये. वैताग आणि डिप्रेशन यात फरक आहे आणि तो कळला नाही तर उपाय चुकतो. डिप्रेशन मोजणारे कागद वेगळे असतात. झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणं, असं विचारतात. पण साखर चढलेली असली की थकवा तसाही येतो, रात्री चारदा उठावं लागलं की झोप तशीही जाते. फिशर यांच्या टीमनं टाइप टू डायबेटिस असलेल्या ५०६ लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. डिप्रेशनच्या प्रश्नावलीत जे वरच्या गुणांत आले, त्यांची नीट मुलाखत घेतल्यावर सुमारे ७० टक्के लोकांना क्लिनिकल डिप्रेशन नव्हतंच. पुढे २०१० साली याच टीमनं दाखवलं की एचबीएवनसीशी धागा जुळतो तो या वैतागाचा, डिप्रेशनचा नव्हे. म्हणजे मनाच्या गोळीनं बरं होणारं हे दुखणं नाही. याचं कारण आजाराच्या रोजच्या कटकटीत आहे आणि तिथेच ते सोडवावं लागतं.

अर्थात डिप्रेशनही असू शकतं, दोन्ही एकदमही असू शकतं. कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर हा कॉलम बाजूला ठेवा आणि सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि पैसे लागत नाहीत.

बरं, माझे मार्क. मनावरचं ओझं, पाच प्रश्न, सरासरी ४. पथ्यपाणी ३.८. माणसं, तीन प्रश्न, ३.३. डॉक्टर, चार प्रश्न, २. एकूण ३.३५. डॉक्टरीणबाईंनी एकूण आकड्याकडे नुसती नजर टाकली आणि कागद उलटा करून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "यातल्या पाचवर गोल करा." दोन पाच होते. काही केलं तरी पुढे गुंतागुंत होणारच, हा एक. आणि दिनक्रमात आपण सारखे नापास होतो, हा दुसरा. पहिल्यावर त्या दहा मिनिटं बोलल्या. डोळे, किडनी, पाय, कुठे काय होऊ शकतं, त्यातलं आत्ता माझ्यात काय आहे (काही नाही), काय केल्यानं धोका खरोखर कमी होतो. दोन वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं, कारण मला वाटायचं उत्तर वाईटच असेल.

दुसऱ्या पाचवर त्या म्हणाल्या, "नापास कुठल्या पेपरात?" मी पाढा वाचला. रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल, जेवण अकराला, सकाळी चालायला उठवत नाही. त्यांनी माझं टाइमटेबल बदललं नाही, गोळीचं बदललं. मशीनवर रोज तपासू नका, आठवड्यातून दोनदा, तेही सांगेन त्या वेळेला. आणि वहीत आकड्याशेजारी एक शब्द लिहा, आदल्या जेवणाचा. मार्क नाही, फक्त नोंद. एवढंच.

एवढ्यानं काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण फिशर-पोलन्स्की मंडळींनीच ३९२ लोकांवर एक प्रयोग केला होता, २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन गट. दोन गटांना बऱ्यापैकी मदत, तिसऱ्याला माहिती आणि अधूनमधून आपुलकीचा फोन, एवढंच. वैताग तिन्ही गटांत चांगलाच उतरला. त्याच वर्षी 'डॉन टू' नावाची १७ देशांतली पाहणी आली, त्यात भारतही होता. डायबेटिस असलेल्या शंभरातल्या साधारण ४५ जणांमध्ये हा त्रास सापडला. आणि आजाराचा तुमच्या जगण्यावर काय परिणाम होतो, असं दवाखान्यात कुणी विचारलं का? हो म्हणणारे शंभरात जेमतेम २४.

घरची गोष्ट मात्र डॉक्टरांच्या हातात नव्हती. त्या रात्री नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाल्या? मी कोरा कागद त्याच्यापुढे टाकला. म्हटलं, मी काय लिहिलं असेल ते तू लिही. त्यानं सिरियसली पेन घेतलं. पंधरा मिनिटांनी आम्ही दोन्ही कागद डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी ठेवले.

पथ्यपाण्याच्या प्रश्नांना त्यानं धडाधड पाच आणि सहा दिले होते. का, तर मी पथ्य पाळत नाही म्हणून! म्हटलं, अरे, पाळते का ते विचारलंच नाहीये. न पाळण्याचा मला त्रास किती होतो, ते विचारलंय. पट्टीचं सगळं मर्म तिथेच आहे. बिनधास्त गुलाबजाम हाणणाऱ्याला तिथे एक मिळू शकतो आणि रोज मोजून दोन पोळ्या खाणाऱ्याला सहा. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तू खाल्लंस की तुला पण वाईट वाटतं?" लग्नाला पाच वर्षं झाली आहेत आमच्या.

'घरच्यांना हे किती कठीण आहे ते कळत नाही' या वाक्यापुढे त्यानं एक लिहिला होता. मी चार. त्यावर आम्ही काही बोललो नाही. त्यानं माझा कागद घेतला, परत वाचला आणि भांडी घासायला गेला. दुसऱ्या दिवसापासून "आज किती आली?" हा प्रश्न मात्र बंद झाला. त्याऐवजी "आज कशी गेली?" असं विचारतो. कधी मी शुगरबद्दल सांगते, कधी मॅनेजरबद्दल.

आत्ता माझी एचबीएवनसी ७.४ आहे. श्रेय कागदाला देत नाही, गोळीही बदललीय आणि कॉलही आता साडेआठचा झालाय. वैतागाचा स्कोअर २.२. मधे एकदा ऑडिटच्या महिन्यात तो परत तीनवर गेला होता. तेव्हा केकसुद्धा परत डस्टबिनमध्ये गेले.

तुम्हाला शुगर असेल तर पुढच्या व्हिजिटला स्वतःहून विचारा, डायबेटिस डिस्ट्रेसची प्रश्नावली आहे का तुमच्याकडे? नसेल तर ते दोन प्रश्न तरी स्वतःच सांगून टाका. डॉक्टर चमकतील, चमकू देत. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही वर्षातून एकदा तरी हे तपासा असं म्हटलंय, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

आता शेवटचं, मागच्या रविवारचं. सासूबाईंना बावीस वर्षं शुगर आहे. गोळी, मग इन्सुलिन, सगळं आपलं आपण, कधी तक्रार नाही. तो कागद फ्रिजवर मॅग्नेटला लावलेला होता, त्यांनी विचारलं, हे काय गं? मी सांगितलं. म्हणाल्या, "चष्मा नाहीये, वाचून दाखव. मी पण देते परीक्षा."

मी कणीक मळत वाचत होते, त्या मटार सोलत होत्या. पहिला प्रश्न. "एक लिही." दुसरा. "काही नाही, एक." तिसरा. "छे! एक." मी मनात म्हटलं, झालं, आमच्या सासूबाई नव्वद टक्केवाल्या. मग मी वाचलं, काहीही केलं तरी शेवटी मोठी गुंतागुंत होणारच, असं वाटतं का?

मटार सोलायचे थांबले. त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय कापावा लागला होता, मला लग्नाआधीची गोष्ट म्हणून माहीत होतं. सासूबाई तेव्हा दोन महिने तिच्याकडे राहिल्या होत्या. ड्रेसिंग त्याच करायच्या, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

"आकडा कुठपर्यंत आहे?" त्यांनी विचारलं.

"सहापर्यंत, आई."

"मग सहा लिही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "तुला मी सारखी टोकते ना खाण्यावरून."

मी कणकेचे हात पुसले, सहा लिहिलं. त्या पुन्हा मटार सोलायला लागल्या.

"हं, वाच पुढचा."